डॉलरच्या अलीकडे

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घराच्या माडीवर आठवड्यातून तीन संध्याकाळी आठ-दहा मुलं लिनक्स ही संगणकप्रणाली शिकायला येतात. गेल्या महिन्यात त्यातली एक मुलगी, नुकतीच कॉलेजात गेलेली, लॅपटॉप उचलून माझ्यापाशी आली. "काकू, पुस्तकात आहे अगदी तस्संच टाइप केलं, तरी एरर येतेय." बघितलं तर तिनं पुस्तकातली ओळ पहिल्या चिन्हासकट उतरवली होती: आधी डॉलर, मग एक जागा सोडून कमांड. मशीननं उत्तर दिलं होतं की डॉलर नावाची कमांड सापडत नाही. डॉलरपर्यंतचं सगळं, म्हणजे प्रॉम्प्ट, मशीनचं आणि त्याच्या पुढचं आपलं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. शेजारच्या मुलाकडे लिनक्सचाच उबुंटू हा संच होता, तिथे डॉलरच्या आधी त्याचं नाव, मशीनचं नाव आणि फोल्डर, तेही हिरव्या-निळ्या अक्षरांत. तिसऱ्याकडे फेडोरा, तिथे हाच मजकूर चौकोनी कंसात. चौथ्यानं ओपनसुसे टाकलं होतं आणि तिथे डॉलरच नाही, त्या जागी > आहे.

"काकू, यातला बरोबर कोणता?" तिनं विचारलं. "सगळेच बरोबर. ज्याची त्याची आवड," असं सांगून मी पुढच्या धड्याकडे वळले. रात्री ते उत्तर मनातून जाईना, कारण ते चूक होतं. ते दुरुस्त करण्यासाठी हे लिहिते आहे.

स्वतःच्या मशीनवरचा प्रॉम्प्ट ही आवड असू शकते. माझाही वीस वर्षांत मी दहादा बदलला असेल. पण एखादी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा असा तयार संच, तिच्या प्रत्येक नव्या मशीनवर जो प्रॉम्प्ट घालून देते, त्याला आवडीचा नियम लागू होत नाही. तो दोन प्रकारच्या माणसांसाठी असतो. एक, ज्याला तो बदलता येतो हेच अजून ठाऊक नाही. दुसरा, जो स्वतःच्या घरात नाही: दुसऱ्याच्या सर्व्हरवर दहा मिनिटांसाठी शिरलाय, काहीतरी दुरुस्त करून निघणार आहे, तिथली सेटिंग बदलायची त्याला मुभा नाही आणि वेळही नाही. डिस्ट्रोनं कोणता प्रॉम्प्ट घालून द्यावा या वादात ज्यांची मतं सगळ्यात मोठ्यानं ऐकू येतात ते जाणकार या दोन्हींत बसत नाहीत. त्यांचा प्रॉम्प्ट त्यांच्या खिशात असतो, कुठेही गेले की पाच मिनिटांत लावून घेतात.

आता थोडं मागचं. १९७९ साली युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीच्या सातव्या आवृत्तीबरोबर बॉर्न शेल आला. शेल म्हणजे टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम. त्याचा प्रॉम्प्ट म्हणजे साध्या माणसाला $ आणि रूटला, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेल्याला, #, बास. त्या काळी ते पुरेसं होतं. संस्थेत एक संगणक, त्याला जोडलेली बरीच टर्मिनलं, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड. 'मी कोणत्या मशीनवर बसलोय' हा प्रश्नच कोणाला पडत नसे. महत्त्वाचं एवढंच की आत्ता माझ्या हातात रूटचे अधिकार आहेत की नाहीत, आणि ते एका चिन्हात कळत होतं. पुढे मशीनं जाळ्यात आली, माणूस एका जागी बसून चार गावच्या संगणकांवर काम करू लागला आणि प्रॉम्प्टवर 'कोण' बरोबर 'कुठे' हेही लिहावं लागलं. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पासाठी लिहिलेला बॅश हा शेल आज बहुतेक डिस्ट्रोंमध्ये असतो. त्याचा स्वतःचा मूळ प्रॉम्प्ट शेलचं नाव आणि आवृत्तीचा आकडा दाखवतो, पुढे डॉलर. तो तसाच ठेवणारी डिस्ट्रो आज शोधावी लागेल. रेड हॅटच्या कुळानं कंस घातले, डेबियननं कोलन घातला, जेंटूनं रंग दिले. म्हणजे 'आपण कशाला ठरवायचं, ज्यानं त्यानं ठरवावं' असं म्हणणाऱ्यांनीही केव्हाच ठरवून टाकलेलं आहे. प्रश्न इतकाच उरतो की नीट विचार करून ठरवलं की कोणीतरी कधीतरी केलं म्हणून चालू राहिलं.

मला हा विषय एवढा का लागतो, त्याचं कारण २००९ मधली एक संध्याकाळ आहे. सराफ्याजवळच्या एका पतपेढीची मशीनं मी सांभाळत होते. दोन सर्व्हर होते, एक कामाचा आणि एक मागे राखीव. दोन्हींवर एकाच सीडीवरून लिनक्स टाकलेलं. राखीव मशीनवरचं डेटा फोल्डर रिकामं करून त्यात आदल्या रात्रीची प्रत ओतायची, असं साधं काम होतं. पडद्यावर दोन खिडक्या उघड्या. दोन्हींत एकच ओळ:

[रूट@लोकलहोस्ट डेटा]#

अक्षर न अक्षर सारखी. टाकताना मशीनला नाव दिलं नाही तर ते स्वतःला लोकलहोस्ट म्हणवून घ्यायचं, आणि त्या डिस्ट्रोचा प्रॉम्प्ट पूर्ण पत्ता न दाखवता फक्त शेवटच्या फोल्डरचं नाव दाखवायचा. कामाच्या मशीनवर ते फोल्डर एका ठिकाणी होतं, राखीववर वेगळ्याच डिस्कवर. पूर्ण पत्ता दिसता तर दोन ओळी निराळ्या दिसल्या असत्या. मी फोल्डर पुसलं, आणि कामाच्या मशीनवरचं पुसलं. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंतच्या नोंदी गेल्या.

आदल्या रात्रीची प्रत हाताशी होती म्हणून निभावलं. दिवसाची व्हाउचरं कॅशियर काकांनी दोऱ्यातून सोडवून टेबलावर लावली आणि संध्याकाळी सातपासून ते वाचत गेले, मी भरत गेले. "हं, लिहा ताई. बचत, जमा, बाराशे. पुढचं. बचत, नावे, साडेतीनशे." बाहेर सोन्या-चांदीच्या दुकानांची शटर पडून खाण्याच्या गाड्या लागल्या, गर्दी झाली, हळूहळू ओसरली. शेवटची बेरीज जुळली तेव्हा दीड वाजून गेला होता. काका एका शब्दानं बोलले नाहीत, आणि ते मला अजून आठवतं. चूक माझी होती आणि मी ती तिथेच कबूल केली. पण त्यानंतर मी जेवढ्या मशीनवर काम केलं तेवढ्यांवर पहिली गोष्ट ही बदलली, आणि दर वेळी मनात आलं की हे मला का करावं लागतं? जी ओळ दिवसातून शेकडो वेळा डोळ्यांसमोर येते, ती खरं बोलत असतानाही दिशाभूल करू शकते, हे ती लिहिणाऱ्यांच्या लक्षात यायला नको का?

इंदुरातल्या एका पतपेढीवरून जगाचा कायदा करू नये, हे मान्य. म्हणून सगळ्यांनी वाचलेलं उदाहरण घेते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कोड साठवून देणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याच्या हातून हेच झालं. दुय्यम डेटाबेस मुख्य डेटाबेसबरोबर चालत नव्हता, म्हणून त्याला दुय्यमवरचं फोल्डर रिकामं करायचं होतं. कमांड गेली मुख्यवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं ती थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले होते. सहाएक तासांचा डेटा गेला. बॅकअपच्या अनेक पद्धती होत्या, ऐन वेळी त्या कामाला आल्या नाहीत, आणि मोठी चर्चा झाली ती त्यावर. ती व्हायलाच हवी होती. पण त्या कंपनीनं सगळं उघड लिहून ठेवलं आणि सुधारणांच्या यादीत हेही घातलं की सर्व मशीनवरचे प्रॉम्प्ट असे बदलायचे की कोणतं मशीन आणि कोणतं वातावरण (प्रत्यक्ष वापराचं की चाचणीचं) हे स्पष्ट दिसेल. घटनेच्या वेळच्या टिपणांत तर रंगही सुचवले होते: प्रत्यक्ष वापरातलं मशीन लाल, चाचणीचं पिवळं. मशीनची नावं होती डीबी१ आणि डीबी२. मध्यरात्री थकलेल्या डोळ्यांना एका आकड्याचा फरक दिसावा अशी अपेक्षा आपण ठेवतो, आणि मग 'लक्ष द्यायला हवं होतं' असं म्हणतो.

या वादात रंगावर सगळ्यात जास्त बोललं जातं. रंग नको म्हणणाऱ्यांची बाजू डेबियनच्या सेटिंगच्या फाइलमध्येच लिहिलेली आहे. तिथल्या टिपणीचा आशय असा: रंग बंद ठेवला आहे, कारण टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, लक्ष कमांडच्या उत्तरावर असावं, प्रॉम्प्टवर नाही. मला हा युक्तिवाद मनापासून आवडतो. साधा, कष्टाळू माणसाचा विचार आहे तो. पण त्याच फाइलमध्ये, त्या टिपणीच्या अगदी वर, टर्मिनल २५६ रंगांचं असल्याचं कळलं तर रंग चालू करणाऱ्या ओळी आहेत. आजची बहुतेक टर्मिनलं स्वतःला तशीच म्हणवतात. म्हणजे खाली 'बंद' असं लिहिलेलं आणि वर चालू केलेलं. वाद कोणी मिटवला नाही, दोन्ही बाजू एकाच फाइलमध्ये शेजारी राहायला आल्या.

माझं मत रंगाच्या बाजूनं आहे. शंभर ओळींचं उत्तर येऊन गेल्यावर वर सरकत जाऊन 'मी कमांड कुठे दिली होती' हे शोधायचं असतं, तेव्हा रंगीत प्रॉम्प्ट शेताच्या बांधासारखा दिसतो. त्यामुळे उत्तराकडे लक्ष जातं, कमी होत नाही. फेडोरानं ३९ व्या आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०२३ पासून, बॅशचा प्रॉम्प्ट रंगीत केला, ते मला योग्य वाटतं. खटकतं ते वेगळंच. डेबियन आणि उबुंटूत साध्या माणसाचा प्रॉम्प्ट रंगीत आणि रूटचा बिनरंगी. जिथे धोका कमी तिथे सजावट आणि जिथे एका एंटरनं मशीन बसू शकतं तिथे कोरी ओळ! जेंटूत रूट लाल आणि बाकीचे हिरवे, हे किती वर्षांपासून चालू आहे. त्यात काही अवघड नाही.

इंदूरच्या माणसाला हे समजवावं लागू नये. २०१७ ते २०२३ या शहरानं स्वच्छतेत पहिला नंबर सोडला नाही, तो घराघरांतल्या आवडीवर सोडून मिळवलेला नाही. हिरव्या डब्यात ओला, निळ्यात सुका. लोकमान्य नगरात तेच, विजय नगरात तेच. मी बहिणीकडे राहायला गेले तर सालं कुठे टाकू असं तिला विचारावं लागत नाही. डब्याचा रंग एखाद्याला आवडेल, एखाद्याला नाही. पण पाहुण्यालाही कळतो, हा त्याचा गुण. 'लाल म्हणजे रूट' एवढी एक गोष्ट सगळ्या डिस्ट्रोंनी मिळून ठरवली, तर दुसऱ्याच्या मशीनवर दहा मिनिटांसाठी गेलेल्या माणसालाही तसंच विचारावं लागणार नाही.

मात्र रंगावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. अंध माणसं पडदावाचकानं टर्मिनल ऐकतात, त्यांना रंग ऐकू येत नाही. गडद निळा काळ्यावर तर धडधाकट डोळ्यांनाही नीट वाचता येत नाही. म्हणून अर्थ अक्षरांत असावा आणि रंगानं त्याला साथ द्यावी. # तसाच राहावा, रूटचं नाव लिहिलेलं राहावं, आणि रंग काढून घेतला तरी काही हरवू नये.

शेवटच्या चिन्हाबद्दल फारसं कोणी बोलत नाही, म्हणून इथे जरा थांबते. माझ्या विद्यार्थिनीनं डॉलरसकट कमांड उतरवली तेव्हा काही बिघडलं नाही. शेलनं 'सापडत नाही' म्हटलं आणि विषय संपला. # पासून सुरू होणारी ओळ बॅशमध्ये चिकटवली तर तेवढंही होत नाही. बॅशला # म्हणजे टिपणी, तो ओळ वाचून सोडून देतो. रूटची कमांड अनवधानानं कॉपी झाली तर ती निष्प्रभ होते, हे केवढं मोठं संरक्षण आहे. आता ओपनसुसेचा > घ्या. शेलच्या भाषेत > म्हणजे 'उत्तर या फाइलमध्ये ओत', आणि ओतण्याआधी फाइल रिकामी केली जाते. कोणी पडद्यावरची अख्खी ओळ प्रॉम्प्टसकट उचलून चिकटवली, आणि त्या ओळीत > च्या पुढे बॅकअपच्या स्क्रिप्टचं (कमांड लिहून ठेवलेल्या फाइलचं) नाव असलं, तर शेल आधी ती स्क्रिप्ट रिकामी करतो आणि मग सांगतो की कमांड सापडली नाही. स्क्रिप्ट गेली. नवशिके प्रॉम्प्टसकट कॉपी करतात, हे मी दर आठवड्याला बघते. ज्यानं > निवडलं त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, दिसायला ते छान बाणासारखं दिसतं. पण एवढ्या मोठ्या डिस्ट्रोनं हे बदलावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दोन ओळींचे प्रॉम्प्ट, त्यात घड्याळ, बॅटरी, गिटची (कोडमधले बदल जपणाऱ्या साधनाची) शाखा, बाण आणि चित्रं, यांची सध्या फॅशन आहे. स्वतःच्या मशीनवर जरूर लावा. डिफॉल्टमध्ये, म्हणजे डिस्ट्रो घालून देते त्यात, मला त्यातलं काहीच नको. प्रत्येक एंटरला गिटला विचारून येणारा प्रॉम्प्ट मोठ्या प्रकल्पात किंवा नेटवर्कवरच्या डिस्कवर अडखळतो. चित्रांचे फॉन्ट नसतील तिथे नुसते चौकोन दिसतात, आणि ग्राफिक नसलेल्या कन्सोलवर, म्हणजे मशीन बिघडल्यावर आपण जिथे पोहोचतो नेमक्या त्याच जागी, ते हमखास नसतात. त्या कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात.

त्यावरून आपल्या लिपीची गोष्ट. वर्गातल्या एका मुलानं 'माझी कामे' असं फोल्डर केलं, देवनागरीत. का करू नये? ग्राफिक खिडकीत ते दिसलं, फक्त मात्रा थोड्या सरकल्या आणि कर्सर दोन घरं पुढे जाऊन बसला, कारण टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचं घर देतं आणि आपल्या जोडाक्षरांचा हिशेब त्याला नीट जमत नाही. मग मी त्याला कन्सोलवर नेलं. तिथे प्रॉम्प्टवर फोल्डरच्या जागी चौकोनांची रांग. त्याचं तोंड उतरलं. "मग इंग्रजीतच नाव द्यायचं का, काकू?" तूर्त हो, असं मला म्हणावं लागलं, आणि ते म्हणताना बरं वाटलं नाही. डिफॉल्ट ठरवणारे इंग्रजी फोल्डर घेऊन चाचणी करतात. त्यांनी एकदा देवनागरी नावाच्या फोल्डरमध्ये उभं राहून आपला प्रॉम्प्ट बघावा. आणि हे त्यांना कोण सांगणार? आपण मराठी माणसं लिनक्स वापरतो, पण दोष नोंदवायला जात नाही. ते आपलं काम आहे.

पूर्ण पत्ता दाखवला तर ओळ लांब होते, ऐंशी अक्षरांच्या पडद्यावर कमांडला जागा उरत नाही, हा आक्षेप रास्त आहे. रेड हॅटच्या कुळातली मंडळी शेवटचंच फोल्डर दाखवतात ते बहुधा याच कारणानं. बॅशच्या सेटिंगमध्ये हा फरक फक्त एका अक्षराचा आहे: लहान डब्ल्यू लिहिला की पूर्ण पत्ता, कॅपिटल लिहिला की शेवटचा तुकडा. पण बॅशच्या चौथ्या आवृत्तीपासून मधला मार्गही आहे. शेवटचे किती फोल्डर दाखवायचे ते सांगता येतं, बाकीच्या जागी तीन टिंबं येतात. तीन फोल्डर ठेवले तर माझ्या त्या संध्याकाळच्या दोन खिडक्या वेगळ्या दिसल्या असत्या आणि ओळही आवरती राहिली असती.

दुसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा: प्रॉम्प्ट वाचून पुढची कमांड देणाऱ्या स्क्रिप्ट जगभर चालू आहेत, शेवटी डॉलर आणि एक जागा आली की त्या पुढे जातात, तुम्ही बदललंत की त्या अडकतील. हेही खरं. म्हणून बदल नव्या आवृत्तीबरोबरच करावा, चालू मशीनवर अपडेटमधून कधीच लादू नये, आणि शेवटची दोन अक्षरं तशीच ठेवावीत. ज्यानं स्वतःचा प्रॉम्प्ट लावलाय त्याच्या फाइलला हात लावू नये. एवढं पाळलं तर कोणाचं काही मोडत नाही.

पण यातलं काहीही केलं तरी एक भोक राहतं, आणि माझ्या मते खरा घोळ तिथेच आहे. प्रॉम्प्टवर मशीनचं नाव दाखवून उपयोग काय, जर सगळ्या मशीनचं नाव एकच असेल? पूर्वी लोकलहोस्ट असायचं, आता नाव दिलं नाही तर फेडोरा स्वतःला फेडोराच म्हणते. आमच्या माडीवर एका संध्याकाळी तीन लॅपटॉप 'फेडोरा' नावाचे होते आणि मुलं एकमेकांच्या मशीनवर शिरायचा सराव करत होती. कोण कुठे आहे हे कोणालाच कळेना. प्रॉम्प्टचं डिफॉल्ट आणि मशीनच्या नावाचं डिफॉल्ट हा एकच प्रश्न आहे, आणि त्यावर दोन वेगळ्या जागी, दोन वेगळ्या माणसांत चर्चा होते. उबुंटू टाकताना मशीनचं नाव विचारते. सगळ्यांनीच विचारावं, आणि ती चौकट रिकामी असेल तर पुढे जाऊ देऊ नये.

गेल्या शुक्रवारी आम्ही वर्गात तेच केलं. प्रत्येकानं आपल्या मशीनला नाव दिलं, रूटचा प्रॉम्प्ट लाल केला, पत्त्याचे तीन तुकडे ठेवले. एकानं 'छप्पन' ठेवलं, एकानं 'राजवाडा'. ज्या मुलीनं पहिल्यांदा डॉलर उतरवला होता तिनं बराच विचार करून 'कान्ह' लिहिलं, तिच्या घरामागून वाहणाऱ्या नदीचं नाव. मग ती राजवाड्यावर शिरली, तिथून छप्पनवर, आणि दर वेळी आधी ओळ वाचून मगच एंटर दाबत होती.